मानसिंगरावांचा पुढचा ब्रेक

बावड्याला लेकीच्या सासरी, व्याह्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि सांगवीच्या मानसिंगरावांनी ठरवलं, जायचं ते मोटारसायकलवर. एवढंच ठरवलं. कुणाचं वाकडं व्हावं असं त्यात काहीच नव्हतं.

"खुशाल जावा," शकुबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "मी एस्टीनं येते."

"अगं, तीस वर्सं गाडी चालवतोय मी!"

"व्हय. आन् गेल्या म्हयन्यात कुत्रं आडवं आलं, तवा गाडी थांबली रस्त्यात आन् मी थांबले गटारात."

(गटार कोरडं होतं. हा मुद्दा मानसिंगरावांनी एकदाच मांडला. पुन्हा मांडायचं धाडस झालं नाही.)

आपण व्याह्यांच्या दारात गाडीवरून ऐटीत उतरायचं आणि बायको मागून एस्टीनं यायची? अख्खा बावडा हसेल. मानसिंगरावांना घाम फुटला. तेव्हा सून राजलक्ष्मी मध्ये पडली. लग्नाआधी पुण्यात तिनं दुचाकी चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं.

"आबा, वास्तुशांतीला अजून वेळ आहे. रोज सकाळी अंगणात प्रॅक्टिस करू. मग आईंना ठरवू दे."

मानसिंगराव हसले. जो माणूस आजवर जितक्या वेळा पडला तितक्या वेळा स्वतःच उठला, त्याला ही पोरगी शिकवणार! पण शकुबाईंनी मान डोलावली, आणि त्या घरात ती डोलली की अपील नसतं.

सुनेनं अंगणात विटा मांडल्या. "मधून जायचं. हळू. पाय टेकायचा नाही."

वेगात मानसिंगराव वाघ होते. हळू चालवायला लावल्यावर त्यांची गाडी वरातीतल्या घोड्यासारखी झुलायला लागली. सगळ्या विटा आडव्या झाल्या. (विटा कोणत्या भट्टीच्या आहेत, अशी चौकशी त्यांनी उतरल्यावर केली.)

"आबा, पुढचा ब्रेक का नाही लावला?"

"त्याला मी हात लावत न्हाय. पुढचा दाबला की मानूस पल्टी हुतो."

"हिसका दिला तर होतो. धार काढताना कसं, तसं आवळत न्यायचं. पुढचा, मागचा, दोन्ही एकदम. आणि नजर मोकळ्या वाटेवर ठेवायची. जिकडं बघाल, तिकडं गाडी जाते."

"गाडी हाय का मेंढरू, मालकाच्या मागं मागं जायाला?"

दुसऱ्या दिवशी शकुबाईंनी अंगणाच्या कडेला बाजेवर कुरडया वाळत घातल्या. व्याह्यांकडं न्यायच्या होत्या, त्यामुळं एकेक कुरडई निगुतीनं घातलेली. "ह्यास्नी धक्का लागला तर बघा!" असं बजावून त्या आत गेल्या.

मानसिंगराव आठाचा आकडा काढू लागले. कुरडयांना धक्का लागू नये म्हणून त्यांनी कुरडयांवरून नजर हलवली नाही. अगदी डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. गाडीनं मालकाची इच्छा ओळखली आणि ती तडक बाजेखाली शिरली. आवाज ऐकून शकुबाई बाहेर आल्या, तेव्हा मानसिंगरावांच्या दोन्ही कानांत ओल्या कुरडया लोंबत होत्या.

"आबा, बघत कुठं होता?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"कुरडयांकडंच की! चुकवायच्या व्हत्या न्हवं?"

नव्यानं कुरडया कुणी घालायच्या, हे शकुबाईंनी ठरवलं. सोऱ्या फिरवून दोन्ही दंड भरून आल्यावर मानसिंगरावांना पहिल्यांदा वाटलं, की पोरगी बहुधा खरं बोलत असावी. मग मात्र ते हट्टाला पेटले. सून उठायच्या आधी अंगणात जाऊन विटा मांडू लागले, ब्रेक आवळून बघू लागले. एका सकाळी एकही वीट हलली नाही. शकुबाई मागं बसल्या, दोन फेऱ्या झाल्या, आणि उतरून त्या एवढंच म्हणाल्या, "येते."

उसाला कारखान्याची तोड आली होती, म्हणून पोरगा आणि सून घरीच राहिले. दोघं नवराबायको हेल्मेट चढवून निघाले. इंदापूरच्या अलीकडं पुढच्या ट्रॉलीवरून उसाच्या मोळ्या सुटल्या आणि धडाधड रस्त्यावर आल्या. मानसिंगरावांनी अंतर राखलं होतं. त्यांनी दोन्ही ब्रेक आवळत नेले, नजर मोळ्यांवरून काढून कडेच्या मोकळ्या पट्टीवर लावली, आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मागं बायको जागच्या जागी होती. तिनं सगळं बघितलंच असेल, असं समजून मानसिंगराव छाती काढून पुढं निघाले.

बावड्यात मांडव भरलेला. मानसिंगरावांनी हकीकत सांगायला घेतली. पहिल्यांदा सांगताना मोळ्या पडल्या, दुसऱ्यांदा अर्धी ट्रॉली, तिसऱ्यांदा ट्रॅक्टरसकट सगळंच. व्याही कुंडलिकराव आ वासून ऐकत होते.

"खोटं वाटत आसंल तर हिला इचारा!"

सगळा मांडव शकुबाईंकडं वळला.

"मला काय ठावं?" शकुबाई म्हणाल्या. "मी सांगवीपास्नं डोळं घट्ट मिटून बसले व्हते. वाटंत एकदा गाडी थांबली खरी. मला वाटलं, ह्यास्नी लघवीला लागली."

मांडवात कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. कुंडलिकरावांनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्या वयात हुतंच, मानसिंगराव. लाजायचं न्हाय."

जेवणाच्या पंगतीत त्यांना मानाचं पान मिळालं. नव्या बाथरूमच्या अगदी दारालगत.