चार हजार वर्षांची आई

हाड दाखवा, माणूस सांगते. ही बढाई नाही, माझी नोकरी आहे. अक्षरं जन्मायच्या आधीची माणसं मातीतून निघून माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांची विचारपूस करते. वय काय होतं, खाल्लंत काय, पडलात कुठे, सावरलं कुणी. मांडीचं हाड उंची सांगतं, कमरेचं हाड बाई की पुरुष ते सांगतं, आणि दात म्हणजे शेजारच्या बोलक्या काकू, न विचारताच सगळं सांगून मोकळे होतात. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही नमुना खराब झालेला नाही, हे मी प्रयोगशाळेत इतक्यांदा ऐकवलं होतं की आमचा चिमटा ते वाक्य माझ्याबरोबर पुटपुटायचा. चिमटा हे आम्ही ठेवलेलं नाव. डब्यातले मटारसुद्धा चिमट्यानं उचलून खाईल असा तो माणूस. हाडातला डीएनए वाचणं हे त्याचं काम.

तर त्या वर्षी आमच्याकडे दोघं आली. एक बाई, अंदाजे चाळीसची, आणि तिच्या कुशीत सात वर्षांचं मूल. चार हजार वर्षं एकाच खड्ड्यात, एकमेकांकडे तोंड करून निजलेली. मुलाच्या पायांची हाडं बोरूच्या काड्यांसारखी. ते कधी चाललंच नव्हतं. मी दोघांना एकाच पेटीत ठेवलं होतं, आणि नेमकं त्याच वेळी नवं कोठार बांधून झालं. सोबत नियम आला : मोठी माणसं तळमजल्यावर, लहान मुलं वरच्या मजल्यावर. एकत्र राहायचं तर रक्ताचं नातं दाखवा.

"सर, ती आई आहे त्याची," मी विभागप्रमुखांना म्हटलं.

"कशावरून?"

"दिसतंय की."

"'दिसतंय' हे मी रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहू?"

म्हणून बाईची एक दाढ आणि मुलाच्या कानामागचं हाड तपासायचं ठरलं. मुलाचं हाड चिमट्यानं स्वतः येऊन नेलं. दाढ मी पोचवणार होते. प्लास्टिकच्या डबीत ती खुळखुळायला लागली. इतकी वर्षं मातीत गप्प निजलेल्या जिवाला असं खुळखुळवत न्यायचं माझ्या जिवावर आलं. मी तिला सुती पिशवीत घातलं. पिशवी नवीकोरी होती, मऊ होती, आदल्याच दिवशी शिवलेली होती.

तीन आठवड्यांनी चिमट्यानं मला आणि सरांना बोलावलं. चुकून भलत्याच लग्नात जेवून आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"ताई, आधी बसा," तो म्हणाला. "तुम्ही या बाईंच्या कोण लागता?"

आमच्या इथे प्रत्येकाच्या गालातून कापसाची काडी फिरवून नमुना ठेवलेला असतो. कुणाची शिंक एखाद्या हाडात शिरली तर चोर सापडावा म्हणून.

"माझी शिंक असेल," मी पडत्या आवाजात म्हटलं.

"तुमची असती तर सगळं जुळलं असतं. हे निम्मं जुळतंय. बरोबर निम्मं. म्हणजे ही एक तर तुमची मुलगी, नाही तर आई."

मला मूलबाळ नाही. सरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तुमच्या आई चार हजार वर्षांपूर्वी वारल्या."

"सर, सकाळी तिनं मला डबा भरून दिलाय."

"तरी सेवापुस्तकातली जन्मतारीख दुरुस्त करून घ्या. तुमचं निवृत्तीचं वय कधीच उलटलंय."

चिमटा हसला नाही. नुसतं एवढंच म्हणाला, "बावीस वर्षांत..."

"कळलं," मी म्हटलं.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. दाढेची पूड झाली होती, ती परत येणार नव्हती. बाईची आता एकच धड दाढ उरली होती. तीही अशीच वाया गेली तर एक तळमजल्यावर आणि एक वर, कायमची.

घरी आई खिडकीपाशी उशीची उसवलेली खोळ शिवत बसली होती.

"आई, तू माझ्या ऑफिसात कधी आली होतीस का गं?"

"बावीस वर्षांत नेलंस का कधी?"

मी मुद्द्यावर आले. "चार हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या दातात तू सापडली आहेस."

"कुठे तरी सापडले म्हणायची. या घरात तर मी कुणाच्या नजरेला पडत नाही."

असं म्हणून तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, बोटांनी पिळलं आणि सुईत ओवलं. दोन टाके घालून दातानं तोडलं. पुन्हा ओठांत. पुन्हा दातात.

"ती दातासाठीची पिशवी... तीही अशीच शिवलीस?"

"मग कशी शिवणार? तूच म्हणालीस, दात ठेवायचाय, मऊ शिव. मला वाटलं तुझाच पडलाय आणि लाजून सांगत नाहीस. म्हणून दुहेरी टाके घातले."

"किती वेळा दोरा तोंडात घातलास?"

"असलं कुणी मोजतं का?"

खात्री करायला चिमट्याला आईच्या गालाचा नमुना हवा होता. म्हणून बावीस वर्षांनी मी आईला ऑफिसात नेलं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, दोन्ही हातांत मोजे. नुसते डोळे उरले होते तिचे, आणि ते त्या दोघांवर खिळले.

मी लगेच सुरू झाले. "हे बघ, हिच्या डाव्या दंडावर स्नायूंच्या खुणा किती ठळक आहेत. उजव्यावर तेवढ्या नाहीत. मी लिहिलंय, पाणी वाहत असावी. आणि पुढच्या दातांत ही बारीक खाच. दातात धागा धरून ओढायची."

"पाणी कशाला?" आई म्हणाली. "पाणी आणताना बाई हात बदलते. पोर एकाच कडेवर बसतं, दुसऱ्या कडेवर घेतलं की रडतं."

मी बाईच्या डाव्या दंडाचं हाड पुन्हा उचलून दिव्याखाली धरलं.

"डावीकडे पोर, उजवा हात कामाला, धागा दातात. तुला कडेवर घेऊन मी असंच शिवलंय. तू निदान दोन वर्षांत उतरलीस." तिनं बोरूच्या काड्यांकडे पाहिलं. "हे उतरलंच नाही."

मी दोघांनाही वाचलं होतं, पण वेगवेगळं. मुलाच्या पानावर लिहिलं होतं, चालत नव्हतं. बाईच्या पानावर लिहिलं होतं, ओझं वाहत होती. दोन पानं समोरासमोर ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

उरलेली दाढ चिमट्यानं स्वतःच्या हातांनी काढून नेली. मला त्यानं दाराबाहेर उभं केलं. निकाल आला. पिशवीतली बाई माझी आईच होती. आणि खरी बाई त्या मुलाची कुणीच नव्हती. आई नाही, आजी नाही, मावशी नाही, आत्या नाही.

सरांनी रजिस्टर उघडलं. "मग तळमजला आणि वरचा मजला."

मी माझा कागद पुढे केला. त्यावर दोनच ओळी होत्या. रक्ताचं नातं : नाही. कडेवर वाहिलं : बहुधा, सात वर्षं.

"हे 'बहुधा' कशाला?"

"पाणीही असू शकतं, सर. खोटं कसं लिहू?"

त्यांनी कागद जवळ ओढला. "मूल चालत नव्हतं, हे तरी नक्की?"

"नक्की."

"मग सात वर्षं ते कुणाच्या तरी अंगावरच असणार." त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : एकत्र ठेवावे. वेगळे केल्यास पुरावा नष्ट होईल.

दोघं आता तळमजल्यावर एका पेटीत आहेत. भिंतीवर नवा नियम लागलाय : कर्मचाऱ्यांनी घरी शिवलेल्या पिशव्या आणू नयेत. कर्मचारी अनेकवचनी लिहिलाय, तेवढी माझी लाज राखली.

पहिला अहवाल मात्र फाइलीतच राहिला. आमच्याकडे कागद फाडत नाहीत. त्यामुळे तिथे माझी आई कायमची नोंदलेली आहे. मी घाबरत घाबरत घरी तो वाचून दाखवला. "स्त्री. वय अंदाजे चाळीस."

आईनं शिवण खाली ठेवलं. ती अडुसष्टची आहे.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"तू ठरवलंस ना वय?"

"हो."

"मग बरोबरच असेल. बावीस वर्षांचा अनुभव आहे तुला."