थोरलीची बदनामी

गॅरेजचं शटर वर गेलं तेव्हा काकूंनी आधी थोरलीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. आज तिच्याबद्दल परक्या माणसासमोर वाईटसाईट बोलायचं होतं.

काका गेले ते दोन जुन्या इटालियन गाड्या मागे ठेवून. एकाच कारखान्यातल्या, लांब नाकाच्या, आत सारख्याच काळ्या चामड्याच्या सीटा. लाल ती थोरली, करडी ती धाकटी. नणंदबाई दोघींना वहिनीच्या सवतीच म्हणायच्या, आणि ते अगदी खोटं नव्हतं. आता घर सोडायचं होतं. मुलाकडे एकाच गाडीपुरती जागा होती, म्हणून जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांना त्यानं शब्द देऊन टाकला होता, पसंत पडेल ती न्या.

काकूंना थोरली हवी होती. उमेदीची सगळी भटकंती त्यांनी तिच्यातच, काकांशेजारी बसून केली होती. आणि भांडणही तिच्यावरूनच झालं होतं. काकूंची शेजारची सीट उसवली, आतली स्प्रिंग टोचायला लागली, घरातला काळा दोरा संपलेला, म्हणून काकूंनी ती हिरव्या दोऱ्यानं शिवली. "इटालियन चामड्याला हिरवा दोरा?" काका एवढंच म्हणाले. पुन्हा तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं काकू म्हणाल्या आणि खरंच ठेवला नाही. काकांनीही कधी चल म्हटलं नाही. दोघंही एकापेक्षा एक हट्टी. अबोला मिटायच्या आधी माणूसच गेला.

गृहस्थ आले, हातमोजे घालून, भिंग घेऊन.

"लालमध्ये काही राम नाही," काकूंनी सुरुवात केली. "डावी बाजू उजवीसारखी नाही. बघा नीट."

गृहस्थांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "हातानं ठोकलेला पत्रा आहे, काकू. दोन्ही बाजू सारख्या कशा येतील?"

रंग विटलाय म्हणावं, तर तो मूळचा रंग. घड्याळ बंद, तर मूळचं घड्याळ. बारा सिलिंडरचं इंजिन सुरू होताना म्हाताऱ्यासारखं खोकतं, तर तो खोकलाही मूळचा. काकूंनी मग धाकटीची तारीफ मांडली. तिला नवा रंग दिलाय, आरसे नवे आहेत, आठ सिलिंडरचं इंजिन उघडून सगळं बदललंय. प्रत्येक वाक्यागणिक गृहस्थांचा चेहरा पडत गेला.

कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या नणंदबाईंना राहवेना. "वहिनी, तू दादाची गाडी विकतेयस की खपवतेयस?"

गृहस्थ थोरलीत शेजारच्या सीटवर बसले. चामड्यावरून हात फिरवत म्हणाले, "कमाल आहे. इथं कधी कुणी बसलंच नाही जणू."

इतकी वर्षं बसले आणि मागं खूणसुद्धा राहिली नाही, काकूंच्या मनात आलं. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा थोरली रस्त्याच्या वळणावर खोकत होती.

गॅरेज अर्धं रिकामं झालं. उभं राहून पाय दुखायला लागले, तेव्हा काकू रागारागानंच धाकटीत शिरल्या. सवयीनं शेजारच्या सीटवर बसल्या आणि मांडीला स्प्रिंग टोचली. नेमकी तिथंच, जुन्या जागी. त्यांनी खाली पाहिलं. काळ्या चामड्यावर वाकडीतिकडी हिरवी शिवण.

"अहो वन्सं," त्यांनी हाक मारली. "माझी सीट इकडं कशी?"

"तुमचं वाजलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादानं अदलाबदल केली," नणंदबाई म्हणाल्या. "थोरलीची अब्रू जाते म्हणाला. तुला सांगू नकोस म्हणाला."

"बघितलंत? एका दोऱ्यापायी."

"पण नंतर चालवायचा ही धाकटीच. थोरलीची नुसती धूळ पुसायचा."

काकूंनी हिरव्या शिवणीवरून बोट फिरवलं. ते बघून नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आता तरी काळा दोरा आण. फार वाईट दिसतंय ते."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "या गाडीत तेवढंच एक मूळचं आहे."