समुद्र कुठाय?

हालिनाचं म्हणणं साधं होतं. झेनोननं पाहुण्यांना घेऊन घराबाहेर पडायचं, गाव दाखवायचं आणि तीनच्या ठोक्याला त्यांना जेवायला आणून बसवायचं. तीनला बदक ओव्हनमधून निघणार होतं.

पाहुणे म्हणजे होऊ घातलेले व्याही आणि विहीणबाई. त्यांची आगाता आणि झेनोनचा कमिल यांचं आपापसात ठरलं होतं, पण मुलगी सातशे किलोमीटर लांब पाठवायची की नाही, हे बघायला लुद्विक आणि अनिएला दक्षिणेच्या डोंगरातून मुद्दाम आले होते. लुद्विक सुतार होता आणि सकाळपासून मोजून दोन वाक्यं बोलला होता. कमिलचं याआधी दोनदा जमता जमता फिसकटलं होतं, आणि दोन्ही वेळा झेनोनच्या तोंडामुळे, असं हालिनाचं ठाम मत होतं.

"जास्त बोलू नकोस," दारात ती हळूच म्हणाली. "आणि माहीत नसलेलं सांगू नकोस."

"मला ग्दान्स्क माहीत नाही? एकतीस वर्षं ट्राम चालवली मी या गावात."

"ट्राम रुळावरून जाते, झेनोन. त्यात तुझं काय कौतुक?"

ते त्याला लागलं, कारण ते खरं होतं. गावातली प्रत्येक बघण्यासारखी गोष्ट त्यानं ट्रामच्या काचेतून पाहिली होती. आत कुठेच गेला नव्हता.

नेपच्यूनच्या कारंज्याला नेमक्या त्याच आठवड्यात डागडुजीसाठी चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या होत्या. "आत नेपच्यून आहे," झेनोन म्हणाला. "हातात त्रिशूळ. फार सुंदर."

लुद्विकनं फळ्यांवरून हात फिरवला. "पाइन आहे," तो म्हणाला. "चांगला आहे." दिवसातलं हे त्याचं तिसरं आणि चौथं वाक्य.

तिथून ते मोठ्या चर्चपाशी आले. अनिएलानं मान मागे टाकून मनोरा पाहिला आणि वर जाता येतं का, असं विचारलं. "म्हणजे काय, मी नेहमी जातो," झेनोन बोलून गेला. चारशेच्या वर पायऱ्या होत्या. साठाव्या पायरीला त्यानं कोट काढला, शंभराव्या पायरीला बोलणं बंद केलं, आणि दीडशेच्या पुढे कुठेतरी त्याच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. जिना जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. तो मधोमध बसला. खालून जर्मन पेन्शनरांची एक तुकडी येत होती, ती त्याच्या गुडघ्यांशी थांबली. वरून उतरणारे त्याच्या पाठीशी थांबले.

"आमच्याकडे दूध आणायला एवढं चढावं लागतं," अनिएला म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच तो जास्त बोचला.

शेवटी लुद्विकनं त्याचा पट्टा मागून धरला आणि जुनं कपाट उतरवावं तसं त्याला पायरी-पायरीनं खाली आणलं. जर्मनांना सगळं उलटं उतरावं लागलं. खाली आल्यावर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं झेनोनला पाण्याची बाटली दिली, आणि तेवढ्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न मोडल्यात जमा होतं. मुलाचा बाप दीडशे पायऱ्यांत गळाठतो, हे त्या दोघांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं.

बारा वाजून गेले होते. नदीकाठी बाकावर बसल्यावर अनिएला इकडेतिकडे बघत म्हणाली, "समुद्र कुठाय?"

"ही मोत्वावा. ही पुढे जाऊन समुद्राला मिळते."

"पण समुद्र कुठाय? बंदर ना हे? मी अजून समुद्र पाहिला नाही. लेकीला म्हटलं, तुझं सासर पण बघीन आणि समुद्रही बघीन."

झेनोनच्या अंगात पुन्हा जीव आला. बोटीनं नदीच्या मुखाशी वेस्टरप्लाटेपर्यंत जायचं, तिथलं युद्धस्मारक दाखवायचं, तिथून समुद्र, आणि अडीचपर्यंत परत. तो तडक धक्क्यावरच्या खिडकीशी गेला. चष्मा घरी राहिला होता, पण बोट समोर उभी होती आणि लोक चढत होते. "तीन द्या, जाऊन-येऊन," तो म्हणाला. कुठली, हे त्यानं विचारलं नाही. ग्दान्स्कच्या माणसानं काय विचारायचं?

बोट निघाली. वारा छान होता. जुन्या जहाजगोदीच्या क्रेन मागे गेल्या, मग झाडीतून स्मारकाचा दगडी खांब दिसला आणि तोही मागे गेला.

"स्मारक गेलं," लुद्विक म्हणाला.

"वळसा घेते बोट," झेनोन म्हणाला. "पलीकडून लागते."

बोटीनं वळसा घेतला नाही. किनारा आधी पट्टीएवढा झाला, मग दोरीएवढा. झेनोन दोर गुंडाळणाऱ्या खलाशाजवळ गेला आणि आवाज खाली आणून विचारलं, "वेस्टरप्लाटेला कधी लागणार?"

"ही हेलची बोट आहे. अजून दीड तास."

"मधे उतरता येईल का?"

खलाशानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "येईल. पोहता येतं?"

हेल म्हणजे खाडीपलीकडच्या भूशिराचं टोक. परतीची बोट चारनंतर. झेनोन कठड्याला धरून उभा राहिला. मग त्यानं बायकोला फोन लावला.

"बदक छान रंगलंय," हालिना म्हणाली. "कुठवर आलात?"

"आम्ही समुद्रात आहोत."

"समुद्रावर?"

"समुद्रात," तो म्हणाला, आणि तेवढ्यात फोनची रेंज गेली.

पुढचा दीड तास त्यानं मनातल्या मनात कमिलची माफी मागण्यात घालवला. लुद्विक समोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता आणि त्याच्याकडे टक लावून बघत होता. अनिएला मात्र बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली, ती हेल येईपर्यंत हलली नाही.

हेलला उतरल्यावर फोन आपणहून वाजला. हालिना होती. तिनं एव्हाना कमिलला कळवलं होतं, कमिलनं आगाताला, आणि आगाता रडत तटरक्षक दलाचा नंबर शोधत होती. झेनोननं तोंड उघडायच्या आत लुद्विकनं फोन त्याच्या हातातून घेतला.

"विहीणबाई, मी लुद्विक. आम्ही हेलला आहोत, सुखरूप. चूक माझी. हे नको म्हणत होते, मीच हट्ट धरला." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "नाही, खरंच. तारीख ना? जूनमधली धरा. हो, चालेल आम्हाला."

झेनोन वाळूत बसला.

"तुम्ही का घेतलंत अंगावर?" त्यानं विचारलं.

लुद्विक त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "मेमध्ये आमच्याकडे या. मी तुम्हाला डोंगर दाखवतो." आणि तो बूट काढून पाण्याकडे चालू लागला.

अनिएला झेनोनच्या शेजारी येऊन बसली. नवरा पुरेसा लांब गेलाय, याची तिनं खात्री करून घेतली.

"आलात तर ओळखपत्र बरोबर ठेवा," ती म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी थोरल्या जावयाच्या आईबापांना डोंगर दाखवायला नेलं. पोलिसांचा फोन आला तेव्हा कळलं, तिघं सीमा ओलांडून स्लोव्हाकियात उतरली होती."