मोरचूद घातलेलं जेवण

साहेब, आमच्या पोटात तुम्ही खळ घातली. चमच्याने नाही, शिक्क्याने घातली. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही. मजुरीच्या सरकारी दफ्तरात, म्हणजे तुमच्या कचेरीत, विचारलं तर शिपाईसुद्धा 'साहेब' एवढंच सांगतो.

आदिलाबादच्या बस स्टँडमागे भगवानरावांचं बाइंडिंगचं दुकान आहे. छापखान्यातून सुटे कागद येतात, आम्ही त्यांची पुस्तकं, वह्या, पावतीबुकं करतो. मी कटिंग मशीनवर, पायाशी कात्रणांचा ढीग. मनकर्णा टेबलाभोवती फिरत पानं जुळवते. रेणुकाबाई शिवते आणि चिकटवायची खळ शिजवते. मैदा, पाणी, आणि उंदरांनी पुठ्ठे कुरतडू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद म्हणजे विष. हे उंदरांनाही कळतं.

मनकर्णा एकटी राहते. तिच्या खोलीचं भाडं वाढलं होतं. "पोळ्यापर्यंत वाढीव भाडं दे, नाईतर खोली सोड," असं घरमालक नागोरावांनी बजावलं होतं. म्हणून आम्ही सगळ्यांनी दफ्तरात अर्ज केला की महागाई पाहून मजुरी वाढवावी. अर्जाची एवढी कदर झाली की मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, साहेब स्वतः आले. दुपारी आले, ऐन डबे उघडायच्या वेळी.

आता आमच्याकडची रीत अशी, की खायच्या वेळी दारात कोणीही येवो, अगदी वसुलीवाला येवो, त्याला बोलवायचंच. रेणुकाबाई एका हाताने खळ ढवळत होती. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "या साहेब, जेवाले."

साहेबांनी पातेल्यात वाकून पाहिलं. पांढरं, घट्ट, रटरटणारं.

"रोज बनता है?"

"रोजच शिजवा लागते."

"सबको पुरता है?"

"पातेलंभर करतो न मी. उरते उलट."

"अच्छा इंतजाम है," साहेब म्हणाले आणि आमच्या डब्यांकडे न बघता निघून गेले.

महिन्याभराने हुकूम आला. 'सदर आस्थापनेत कामगारांस ताजे शिजवलेले भोजन विनामूल्य मिळते, अभ्यागतांसही आग्रह होतो. कागदाच्या कात्रणांचा मऊ बिछाना उपलब्ध आहे. महिला कामगार दिवसभर टेबलाभोवती फिरत असल्याने त्यांस पुरेसा व्यायाम घडतो व औषधपाण्याचा खर्च संभवत नाही. सबब महागाई सदर आस्थापनेपर्यंत पोहोचलेली नाही.' वाढ नामंजूर. शिवाय भोजनाची किंमत मजुरीतून कापून घेण्यास मालकास मुभा.

"शेठ, खळ हाय ते!" मनकर्णा ओरडली. "तुमाले तं ठाऊक हाय ना?"

"मले ठाऊक हाय," भगवानराव म्हणाले. "पण सरकार त्याले जेवण म्हणून राह्यलं, तं मी अडाणी माणूस काऊन आडवा येऊ?"

अडाणी माणसाने त्याच आठवड्यापासून पैसे कापायला सुरुवात केली. हिशेबात एकदाही चुकला नाही.

बातमी नागोरावांच्या कानावर गेली. "काय वो मनकर्णे, खाणं फुकट, बिछाना फुकट, मंग पैसे ठेवतं कुठं?" त्यांनी भाडं आणखी चढवलं.

शेवटी आम्ही खळीचं पातेलंच ऑटोत घातलं आणि दफ्तरात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, चाखून पाहा," रेणुकाबाई म्हणाली.

"ड्यूटी पे खाना मना है," साहेब म्हणाले, आणि नमुना तपासणीला पाठवला.

तपासणीत निकाल लागला: विषारी, मानवी सेवनास अयोग्य. मनकर्णा दफ्तरातच नाचायची बाकी होती. "पाहा! जेवण नोहे ना?"

"बैठो," साहेब म्हणाले. "खाना खराब है, ये साबित हुआ. खाना नहीं है, ये कहाँ साबित हुआ?"

निकृष्ट भोजन शिजवल्याबद्दल रेणुकाबाईला दंड झाला. पुढे खळीत मोरचूद घालण्यास मनाई, आणि चवीपुरतं मीठ व जिऱ्याची फोडणी सक्तीची. आम्ही हुकूम पाळला. दुकानाला पहिल्यांदाच स्वयंपाकघराचा वास आला. त्याच सुमारास 'बाइंडिंग कामगारांचे सुधारलेले राहणीमान' असा दफ्तराचा जाडजूड अहवाल आमच्याकडेच बांधायला आला. तो आम्ही जिऱ्याच्या खळीने चिकटवून पोचता केला. सणाच्या सुट्टीत दफ्तरातल्या उंदरांनी तो पुठ्ठ्यासकट संपवला. साहेबांनी शेरा मारला: 'भोजन रुचकर. लाभार्थी समाधानी.'

पण त्याच सणाला, पोळ्याला, मनकर्णेची खोली गेली. ट्रंक, स्टो आणि रेणुकामातेची तसबीर घेऊन ती कात्रणांच्या ढिगावर राहायला आली. सरकारने त्याला बिछाना म्हटलंच होतं. रुचकर भोजनाची पाहणी करायला साहेब पुन्हा आले, तेव्हा ती केसांतली कात्रणं झटकत उठली, स्टीलच्या ताटलीत वाफाळती खळ वाढली आणि समोर धरली.

"या साहेब, जेवाले."

साहेब एक पाऊल मागे सरकले.

"लाजू नोका," रेणुकाबाई म्हणाली. "जिरं घातलं हाय, तुमच्याच हुकमाचं."

इतक्या दिवसांत साहेब पहिल्यांदाच मराठीत बोलले. "नाही, नाही. मी जेवून आलोय."

आता तुम्ही. हो, हे वाचून हसलेले तुम्ही. पोराचं फाटलेलं पुस्तक बांधून न्यायला तुम्ही आमच्याकडे आला होता. "एवढे पैसे कशाचे? मैद्याची खळ तं हाय," असं म्हणून तुम्ही भाव पाडलात. तो आवाज साहेबांचा नव्हता. रेणुकाबाईने तेव्हा तुम्हालाही बोलावलं होतं, आणि तुम्हीही जेवूनच आला होता.

ताटली अजून टेबलावर आहे. वर साय धरली आहे. साहेब, ते जेवण असेल तर तुम्ही का खाल्लं नाही? आणि जेवण नसेल, तर मनकर्णेची खोली कोणी खाल्ली? लेखी उत्तर द्या. चिकटवायला खळ आम्ही देतो.