वाफेच्या गाडीचा जंगी निरोप

मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि ते मोबाइल जरा खाली ठेवा. जपानमधल्या एका जंगलात एक आगगाडी होती. खरीखुरी, कोळसा खाऊन वाफ सोडणारी. कामाला जाणारं कुणी तिने जात नसे. डोंगरातून, नदीवरच्या पुलावरून हौसेने फिरून यायचं, एवढंच. अशा गाडीला पर्यटन गाडी म्हणतात.

कुमागोरो नावाचं एक म्हातारं अस्वल ती चालवायचं.

जंगलाचं गाडीवर भारी प्रेम. तिची वेळ झाली की सशांपासून रानडुकरांपर्यंत सगळे कॅमेरे घेऊन रुळांच्या कडेला हजर. पुलाजवळच्या मोक्याच्या जागेवरून तर भांडणं व्हायची. गाडी आली की फोटो काढायचे आणि घरी जायचं.

गाडीत मात्र कुणी बसत नसे. कारण सोपं आहे. आत बसलं की गाडी दिसत नाही.

कुमागोरो रिकामे डबे ओढत राहिला. आज ना उद्या कुणीतरी चढेल, असं त्याला वाटायचं. अस्वलं भाबडी असतात.

एक दिवस रेल्वेचे प्रमुख घुबडसाहेब सर्वांसमोर आले. तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेत वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले, आणि त्यांनी गाडी बंद होत असल्याबद्दल माफी मागितली. प्रवासीच नाहीत, म्हणाले.

जंगलाने हंबरडा फोडला. गाडीच्या चित्राचे टी-शर्ट निघाले. इंजिनाच्या आकाराच्या डब्यातून भात विकायला आला. सांजिरो माकड गाडीप्रेमी मंडळाचा अध्यक्ष होता. तो दिसेल त्याच्यासमोर रडला. गाडीशिवाय हे जंगल जंगल राहणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते टी-शर्टवरही छापलं होतं.

कुमागोरो घुबडसाहेबांकडे गेला. काही करता येणार नाही का, त्याने विचारलं. साहेब पुन्हा वाकले. शेवटच्या फेरीला डबे भरले तर गाडी चालू ठेवू, असा शब्द त्यांनी दिला.

कुमागोरोला आनंद झाला. त्याने डब्यांच्या काचा स्वतः पुसल्या. बाकांवरच्या गाद्या झटकल्या.

शेवटच्या दिवशी स्टेशनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुंग्याही कॅमेरे घेऊन आल्या होत्या. गर्दी बघून कुमागोरोचा जीव भांड्यात पडला. त्याने डब्यांची दारं उघडली. सर्वांनी उघड्या दारांचे फोटो काढले.

कुमागोरो खाली उतरून सांजिरोपाशी गेला.

"सांजिरो, आज तरी मंडळींना घेऊन आत बस. डबे भरले तर गाडी उद्याही धावेल."

सांजिरोने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. "काका, उद्या धावली तर आजचा फोटो शेवटचा कसा राहील?"

आजूबाजूच्या सर्वांना ते पटलं. लांबलांबून आले होते बिचारे, कामावर रजा टाकून. एका हरणाने कुमागोरोला अदबीने बाजूला व्हायला सांगितलं. तो इंजिनाच्या आड येत होता.

मला इथे त्या अस्वलाचं फार वाईट वाटतं. पण मी गोष्ट सांगणारा, मी काय करणार?

कुमागोरो इंजिनावर चढला. फोटोत धूर दाट हवा, अशी मंडळींची विनंती होती. त्याने जास्तीचा कोळसा घातला. गाडी पुलावरून गेली, दाट धुरात, पार रिकामी. सगळं जंगल ओक्साबोक्शी रडलं. फोटो छान आले.

पुढे गाडी एका बागेत नेऊन ठेवली. चाकं सिमेंटमध्ये पक्की केली. तिकीटही लावलं. आणि काय सांगू, आत बसायला ही झुंबड. खिडक्यांतून माना, दारांतून शेपट्या. कुमागोरोला तिथेच रखवालदार म्हणून ठेवलं. आपल्या गाडीचे सगळे डबे भरलेले त्याने पहिल्यांदाच पाहिले. पाहून झाल्यावर तो दाराशी गेला आणि मागच्यांना बसू द्या म्हणून हात जोडू लागला.

सांजिरो खिडकीत बसला होता. त्याला काही उठवेना.

"काका," तो म्हणाला, "आत बसल्याशिवाय गाडीची खरी मजा कळत नाही हो."

तात्पर्य: मुलांनो, कुणावर मनापासून प्रेम असेल तर त्याच्या निरोप समारंभाला आवर्जून जा, पोटभर रडा. त्याआधी त्याच्या उपयोगी पडायला मात्र जाऊ नका. तो टिकला, तर समारंभ रद्द होतो.