ग्राफिक्स कार्डासाठी विजेचे आवर्तन

रविवारी सकाळी आमच्या घरच्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्यात आले, आणि त्यानंतर संगणक चालेनासा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असल्याचा आरोप माझ्या मुलीने केला असून तो मला मान्य नाही.

मुलगी अस्मिता, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. स्वतः आखलेल्या वाचनालयाची चित्रफीत तिला संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या पोर्टलवर चढवायची होती. नाही चढवली तर वर्ष गेलं. जुन्या संगणकाचा त्या कामात जीव जात होता, म्हणून कार्ड आणलं. ‘बाबा, मी प्रिंट्स घेऊन येते. तोपर्यंत कशालाही हात लावू नका,’ असं बजावून ती बाहेर पडली. ज्या घरात बाप आहे, त्या घरात अशी वाक्यं बोलू नयेत.

कार्ड खाचेत छान बसलं. संगणकाच्या डब्यात एक जाड काळी केबल मात्र मोकळीच लोंबकळत होती. मला पसारा खपत नाही. मी तिला फुलपुडीचं रबर लावलं, गुंडाळून कोपऱ्यात नीट बसवलं आणि झाकण लावलं. बटण दाबताच पंखे फिरले आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी वाक्य उमटलं. सुरुवातीलाच ‘प्लीज’ आणि ‘पॉवर’. पुढचं मी वाचलं नाही. मी जन्माने पुणेकर आहे. ‘कृपया’ने सुरू होणारी पाटी अपमानावर संपते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

माझा भाचा आमोद खराडीला संगणकाच्याच कंपनीत आहे. त्याला पडद्याचा फोटो पाठवला.

“मामा, पॉवर इश्यू वाटतोय,” त्याचा लगेच फोन आला.

“मग आता काय करू?”

“मी क्लाउडवाला आहे हो. खरा कॉम्प्युटर आमच्याकडे कुणी उघडून बघितलेलाच नाहीये. तुम्ही लोकली एस्कलेट करा ना.”

एस्कलेट करणे म्हणजे वर जाणे. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहतात, म्हणून मी चार मजले खाली गेलो.

अध्यक्ष दिगंबरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या विश्रांतवाडीत कालवा नाही, हे दुःख त्यांनी अजून पचवलेलं नाही. त्यांनी फोटोवर एक नजर टाकली.

“पॉवर म्हणतोय ना? सोपं आहे. मीटर कुठे? तळमजल्यावर. तुम्ही कुठे? चौथ्यावर, अगदी शेवटी. कालव्याच्या टेलला पाणी पोचतं का कधी? मधले सगळे आधीच उपसून घेतात.”

“अहो, पण आमचा टीव्ही चालतो की!”

“टीव्ही म्हणजे ज्वारी. हे कार्ड म्हणजे ऊस.”

तातडीची सभा पार्किंगमध्ये बोलावण्यात आली. ‘टेलच्या सदनिकेस पुरेशा दाबाने वीज मिळावी’ म्हणून लिफ्ट बंद ठेवण्याचा ठराव हात वर करून एकमताने मंजूर झाला. मी वर जाऊन बटण दाबलं. तेच वाक्य. मी गॅलरीतून मान हलवली. दिगंबररावांनी पाण्याचा पंप बंद करवला. तेच वाक्य. मग घरोघरचे फ्रीज, पंखे आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या शालनवहिनींचा मिक्सर, तोही खोबऱ्याची चटणी अर्धवट असताना. मे महिन्याच्या दुपारी अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये वर्तमानपत्रानं वारा घेत बसली होती. शालनवहिनी चौथ्या मजल्यापर्यंत चढून आल्या, त्यांनी पडदा निरखला आणि म्हणाल्या, “मला तर अक्षरं जरा ठळक झाल्यासारखी वाटतायत.” प्रगतीची नोंद घेण्यात आली.

एवढ्यात माझ्या शेजारच्या मंदाकिनीबाई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन खाली पार्किंगमध्ये आल्या. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

“लिफ्ट का बंद आहे?”

“पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे,” दिगंबरराव म्हणाले.

“आणि मी वर कशी जाऊ?”

“चौथ्या मजल्याच्या विजेचं आवर्तन संपलं की.”

“आधी माझे गुडघे संपतील!” असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या. मात्र पुढचा ठराव आला, तेव्हा बाकीच्यांचे हात वर गेलेले बघून त्यांनीही पिशवी खाली ठेवून हात वर केला.

अस्मिता धापा टाकत जिना चढून आली. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि वाक्य शेवटपर्यंत वाचलं. त्या दिवशी असं करणारी ती पहिलीच.

“बाबा, ‘कृपया संगणक बंद करा आणि या कार्डाला पॉवर केबल जोडा.’ एवढंच लिहिलंय! कुणी वाचलं नाही?”

तिनं झाकण उघडलं, रबर काढलं, केबल कार्डाला जोडली. बटण दाबलं, आणि तिचं वाचनालय पडद्यावर उभं राहिलं, खिडक्यांतून येणाऱ्या उन्हासकट. माझा ऊर भरून आला. लेकीचं वर्ष वाचलं होतं.

ती गॅलरीत धावली. “काका, झालं! केबल जोडायची राहिली होती! लिफ्ट सुरू करा!”

दिगंबररावांनी शांतपणे वर पाहिलं. “केबल जोडलीस, शाबास. पण त्या केबलमध्ये वीज कुठून आली?”

“म्हणजे?”

“लिफ्टची!”

पार्किंगमध्ये टाळ्या झाल्या.

“अहो काका, लिफ्ट चालू करून बघा ना एकदा!”

“आणि बंद पडलं तर? वर्ष तुझं आहे, अस्मिता. आमचं काय जातंय?”

ती आत जाऊन संगणकासमोर बसली. कुणीही बसलं असतं. काम पूर्ण होईस्तोवर लिफ्ट बंद राहिली, चित्रफीत वेळेत गेली, आणि बंदी यशस्वी झाल्याचे सिद्ध झाले.

तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी लिफ्ट बंद असते. अस्मिता आता नोकरीला लागली आहे, संगणकही बदलला. परवा तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या पूर्वानं कारण विचारलं, तर मंदाकिनीबाईंनी जिन्यातच दम खात तिला झापलं, “पहिल्यापासून आहे. उगाच नवे नियम आणू नकोस.” त्या भाजी आता शनिवारीच आणून ठेवतात.

तुम्ही हसताय, ते दिसतंय मला. हसा की. फक्त एवढंच सांगा: तुमच्या इमारतीच्या गच्चीला बारा महिने कुलूप कशासाठी असतं? आणि ते लावायचं ठरलं, तेव्हा तुमचा हात कुठे होता?