तक्त्यावरचा तितर

तितर हा मुठीत मावणारा पक्षी असून तो पायाखालून भुर्रकन उडतो. लावरी त्याच्या तिप्पट मोठी असते आणि जोडीने धावत सुटते.

म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीतल्या शाळेत हरिबा गुरुजी १९७४ सालापासून हेच शिकवत. भिंतीवरचा पक्ष्यांचा तक्ता वरून आला होता, त्याला पितळी कड्या होत्या आणि खाली गोल शिक्का होता. गुरुजींनी एकतीस वर्षांच्या नोकरीत मुलावर हात उगारला नव्हता आणि शिक्क्यावर शंका घेतली नव्हती. या दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

चौथीच्या वार्षिक परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न आला: तितर व लावरी यांची तुलना करा. तात्याबा मेंढक्याच्या बनीनं सगळं नेमकं उलट लिहिलं. गुरुजींनी हळहळत शून्य दिलं. बनी सहा गुणांनी नापास झाली. आता म्हसवडची पाचवी बंद, उद्यापासून मेंढरांमागं.

दुसऱ्या दिवशी तात्याबा एक वेताची पाटी फडक्यानं झाकून घेऊन शाळेत आला. पाटीत दोन पक्षी होते.

"आवं गुरुजी, ह्यो बघा तितर. धरायला दोन हात लागत्यात. आन ही लावरी, मुठीत मावती. माझ्या पोरीचं काय चुकलं?"

"तात्याबा, पक्षी बरोबर असतीलही. पण तक्ता शासनाचा आहे."

"गेल्या वर्सी माझ्या पालावर लावरीचा रस्सा वरपलासा. चार खाल्ल्या, तरी पोट भरलं न्हाई म्हनालासा. तवा लावरी केवढी वाटली?"

"ते माझं खासगी मत होतं," गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याची त्यांना एवढी लाज वाटली की त्याच दिवशी त्यांनी वर पत्र धाडलं.

पत्राची दखल घेतली गेली. तिसऱ्या आठवड्यात तक्ता-तपासणी अधिकारी जीपमधून उतरले. त्यांनी तात्याबाला पाटीतले पक्षी टेबलावर धरायला लावले, टेप काढली आणि चित्रं मोजली. मग पक्षी मोजले.

"चित्रं एकमेकांशी सुसंगत आहेत," ते म्हणाले. "पक्षी मात्र तक्त्याप्रमाणे नाहीत. हे कुठले?"

"हितलंच, माळावरचं," तात्याबा म्हणाला.

"मग स्थानिक दोष असणार."

अहवालात दोन्ही पक्षी 'नमुन्यास अपात्र' ठरले. अनुभवी साक्षीदार म्हणून गुरुजींची सही हवी होती. गुरुजींनी एकदा तितराकडे पाहिलं. तितरानंही मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींनी सही केली, आणि नेहमीच्या सवयीनं अक्षर वळणदार आलं.

अधिकारी मात्र दयाळू होते. मुलीनं उत्तर सुधारून लिहिलं तर तिला पास करायची मुभा त्यांनी दिली.

गुरुजींनी बनीला जवळ बसवलं. अवघड गोष्ट मायेनं समजावण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. "बाळ, दोनच वाक्यं लिहायची. तक्त्याकडे बघून."

"गुरुजी, खरं कुनाचं? माजं का तक्त्याचं?"

"तुझं."

"मग शून्य कुनाला द्याचं?"

गुरुजींनी खडू उचलला, खाली ठेवला, आणि बनीच्या पेन्सिलीला टोक करून दिलं.

बनीनं बापाकडं पाहिलं. "लिव गं," तात्याबा म्हणाला, "मेंढरांमागं मी हाय." आणि त्यानं पक्ष्यांची पाटी उचलून दाराबाहेर उपडी केली. लावरी भुर्रकन उडाली. तितर धावत माळाला लागला.

बनी पास झाली. दहापैकी दहा. तिनं लिहिलेली ती दोन वाक्यं या गोष्टीच्या सुरुवातीला जशीच्या तशी दिली आहेत. आपण ती मघाशी वाचलीत, काही न विचारता, आणि पुढं गेलात.

आपल्यालाही दहापैकी दहा.